कोयीतल्या भुंग्यापासून मुक्त बाग : प्रकल्प नोंदी, जून २०२३ ते जून २०२४

१२ जून २०२३ : हद्द आणि दावा

जागा रत्नागिरी तालुक्यातला सडा, म्हणजे कातळी पठार. तीन बागायतदारांच्या लगतच्या बागा, मिळून १६ हेक्टर, १,५४० हापूस कलमे. सहा विभाग पाडले: अ, ब, क, ड, ई, फ. प्रत्येक कलमाच्या खोडावर उत्तरेकडून, छातीच्या उंचीवर पांढऱ्या ऑइलपेंटने विभाग आणि क्रमांक. चुना दोन पावसांत धुऊन जातो, तो वापरला नाही.

दावा एकाच किडीपुरता: कोयीतला भुंगा, इथल्या बोलीत बाठ्यातला किडा. फळमाशीमुक्त बाग असा दावा करायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले. फळमाशी इथलीच, पेरू, चिकू, आंबा अशा कितीतरी फळांवर जगते आणि उडत येते. तिच्याबाबत फार तर कमी प्रादुर्भावाचे क्षेत्र म्हणता येईल. भुंग्याचे तसे नाही. त्याची वाढ फक्त आंब्याच्या कोयीत होते, वर्षाला एकच पिढी, आणि उडण्यात तो आळशी. लांबचा प्रवास तो फळात किंवा कोयीत बसून करतो. म्हणजे वाट अडवता येते.

मानके दोन समोर ठेवली. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखालचे क्र. ४ (१९९५) हे संपूर्ण कीडमुक्त क्षेत्रासाठी, क्र. १० (१९९९) हे कीडमुक्त उत्पादन ठिकाणासाठी. आपले काम दुसऱ्यात बसते. तालुका मुक्त आहे असे म्हणायला तालुकाभर सर्वेक्षण लागेल, ते आपल्या हातात नाही. शिवाय 'मुक्त' हा शब्द अधिकृतपणे देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेनेच उच्चारायचा असतो. आपण फक्त तो शब्द पेलेल अशी वही तयार ठेवायची.

१९ जून २०२३ : गोणी

पाऊस लागला. याच पंधरवड्यात कोकणात रायवळ कोयांच्या गोण्या फिरतात, कारण कोय कलमाला ताजी कोय लागते आणि ती फार दिवस टिकत नाही. कुठून आली, कोणत्या झाडाची, कोणी विचारत नाही. भुंग्याच्या दृष्टीने ही फुकटची एसटी.

गटातली रोपवाटिका 'क' विभागाच्या कडेला होती. ती आज हलवली: गडग्याबाहेर (गडगा म्हणजे दगडी कुंपण), बागेपासून सुमारे ६०० मीटर, वाडीजवळच्या घराच्या परड्यात. नियम साधा. अख्खी कोय गडग्याच्या आत येणार नाही. पेरणीसाठी नाही, खतासाठी नाही, कामगाराच्या डब्यातल्या आंब्याची असली तरी नाही.

फाटकाला झाकणाचा डबा ठेवला. आत येताना आंबा असेल तर तिथेच खायचा, कोय डब्यात. डबा रोज संध्याकाळी चुलीत रिकामा.

३ जुलै २०२३ : कोय फोडून बघणे

आलेल्या गोणीतल्या ५०० कोया. आधी पाण्यात टाकल्या. तरंगणाऱ्या ७०, बुडालेल्या ४३०. तरंगणाऱ्या फेकायच्या आणि बुडालेल्या पेरायच्या, ही रोपवाटिकेची रीत. उगवणीसाठी ती ठीक, किडीसाठी नाही. सगळ्या फोडल्यावर तरंगणाऱ्यांत ९ कोयी किडलेल्या निघाल्या, बुडालेल्यांत ५. अळी लहान असते तेव्हा बी पुरेसे जड राहते. पाण्याच्या परीक्षेवर विसंबायचे नाही.

फोडण्याची पद्धत: कोय धुऊन दोन दिवस सावलीत सुकवायची म्हणजे हातातून निसटत नाही. आडवी धरायची. बीचा डोळा असतो त्याच्या विरुद्ध टोकाला सिकेटरचे टोक कवचाच्या शिवणीत घालून अर्धा इंच कापायचे, मग पिळून कवच दोन बाजूंना उघडायचे. कोयता मारला तर बी कापते, पेरणीला निरुपयोगी होते आणि आतली अळीही दोन तुकडे होऊन ओळखू येत नाही.

किडलेली बी दिसते ती अशी: डाळिंबीवर (बीच्या अर्ध्या दळावर) काळपट तपकिरी भुगा, ओलसर, बोटाला चिकटणारा. त्यात पांढरी, बिनपायांची, अर्धगोल वळलेली अळी, डोके तपकिरी. किंवा पांढरा कोष. किंवा ६ ते ९ मिलिमीटरचा करडा-काळा भुंगा, सोंड छातीखाली दुमडलेली. नुसती काळी पडलेली, पण भुगा नसलेली बी म्हणजे बहुतेक वेळा बुरशी. दोन्हींची नोंद वेगळ्या रकान्यात.

सोललेली निरोगी बी लगेच ओल्या वाळूत. कवच काढल्याने उगवणही लवकर होते, हा वरकड फायदा. किडलेल्या १४ कोयी दुहेरी पिशवीत बांधून वाडीतल्या डीप फ्रीजरात ठेवल्या. पुढे कामाला येणार आहेत.

१७ जुलै २०२३

कवचांची वासलात राहून गेली होती. फोडलेल्या कवचांचा ढीग परड्यात पावसात भिजत पडलेला. त्यातही भुंगा लपू शकतो. चुलीच्या वैलावर वाळवून जाळली. पावसात दुसरा मार्ग नाही.

१६ ऑक्टोबर २०२३ : साल तपासणी

फळांचा हंगाम संपला की कोयीतून निघालेला भुंगा पुढच्या मोहोरापर्यंत झाडावरच दडून बसतो: सालीच्या भेगा, फांद्यांची बेचकी, सुटलेली साल, बांडगुळाचे बूड, बुंध्याशी साचलेला पाला. म्हणून पाऊस उघडल्यापासून मोहोर येईपर्यंत त्याला शोधायला सवड मिळते.

साहित्य: चपटा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, दहापट भिंग, ७० टक्के अल्कोहोलच्या कुप्या आणि जुने पांढरे धोतर. धोतर महत्त्वाचे. हात लागताच हा भुंगा पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो आणि खाली पडतो. जांभ्याच्या मातीवर पडला की संपले, ढेकळात आणि त्याच्यात फरक करता येत नाही. बुंध्याभोवती धोतर अंथरल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. धोतरावर पडलेले सगळे लगेच न झटकता पाच मिनिटे थांबायचे. जे चालू लागते तो किडा, जे चालत नाही ते साल.

कामाचा वेग: जुने कलम एका माणसाला २० ते २५ मिनिटे. १,५४० कलमे या वेगाने होणार नाहीत. ठरले ते असे: कडेच्या दोन रांगांतले प्रत्येक झाड, आतले दहात एक. कीड बाहेरून येणार, तर कडेला आधी दिसणार, हा विचार.

४ नोव्हेंबर २०२३

साल तपासणी पूर्ण. भुंगा नाही. सहा कुप्यांत इतर भुंगे, एकही कोयीतला नाही. खात्री कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांकडून करून घेतली. बांडगुळे सगळ्या विभागांत काढली, खरवडलेली साल गोणीत भरून जाळली.

२० नोव्हेंबर २०२३ : भोवतालचा पट्टा

फिलिपिन्समधले गिमारास बेट या किडीपासून मुक्त मानले जाते. तिथे शेजारच्या बेटावरचा आंबाही आणायला बंदी आहे. त्यांना समुद्र आहे, आपल्याला चार फुटी गडगा. म्हणून भोवती ३०० मीटरचा राखीव पट्टा. हा आकडा मानकात लिहिलेला नाही. मानक म्हणते की पट्टा किडीच्या चालीवरून ठरवा. इथला भुंगा लांब उडत नाही, आणि पट्ट्यातले प्रत्येक आंब्याचे झाड मोजून सांभाळता आले पाहिजे, या दोन गोष्टींवरून ३०० धरले.

मोजणी: २३ रायवळ, ४ पायरी, सगळी दुसऱ्यांच्या मालकीची. झाडे तोडा म्हणणे शक्य नाही आणि गरजही नाही. भुंग्याला झाड नको, पिकलेली कोय हवी. कोय तयार होण्याआधी फळ उतरवले की झाड निरुपद्रवी. मालकांशी बोलणे झाले: मार्चअखेरपर्यंत सगळ्या कैऱ्या गट उतरवून देईल. आंबोशी, लोणचे, पन्हे, ज्याला जे करायचे ते. चिरताना निघणारी कोवळी कोय मात्र परत द्यायची, ती जळणार. पायरीचे मालक कैरी द्यायला तयार नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे. त्या चार झाडांची गळ रोज वेचणे आणि कोयी मोजून परत घेणे यावर तडजोड.

दक्षिणेकडच्या डांबरी रस्त्याचे काय? मे महिन्यात पर्यटक गाडीतून आंबा खाऊन कोय भिरकावतात. त्याला करार करता येत नाही. रस्त्याकडच्या गडग्यालगत हंगामात आठवड्यातून दोनदा वेचणी.

१५ जानेवारी २०२४ : फळमाशी

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे, हेक्टरी ४ प्रमाणे ६४ टांगले. त्यातले २४ मोजणीसाठी, दर सात दिवसांनी. त्यांतल्या मिथिल युजेनॉल या आमिषाला भुंगा येत नाही, तेव्हा या सापळ्यांचा मूळ दाव्याशी संबंध नाही. पण गिऱ्हाईक दोन्ही विचारते.

२९ जानेवारी २०२४

मोजणीत चूक पकडली. २४ सापळ्यांत सात दिवसांत ५०४ माश्या, म्हणून वहीत सापळ्यामागे दिवसाला ३.० लिहिले गेले. पण दोन सापळे माकडांनी पाडले होते. भागायचे ते चालू असलेल्या सापळ्यांनी: ५०४ भागिले (२२ गुणिले ७), म्हणजे ३.२७. दुसरे, तीन सापळ्यांत मुंग्या शिरून माश्यांचे नुसते पंख उरलेले. टांगायच्या तारेला बोटभर ग्रीस लावले. तिसरे लक्षात ठेवायचे ते हे की या आमिषाला नरच येतात. आकडा कमी म्हणजे फळात अंडी नाहीत असे नव्हे. गळफळे वाळूच्या ट्रेमध्ये ठेवून कोष पाहणे चालूच.

२६ फेब्रुवारी २०२४ : अंड्यांच्या खुणा

पहिल्या मोहोराची फळे सुपारी ते लिंबाएवढी. मादी फळाच्या सालीत होडीसारखी खाच पाडून एकेक अंडे घालते, वर तपकिरी लेप देते आणि शेजारी छोटा छेद घेते. त्यातून डिंक ओघळून अंड्यावर सुकतो. शोधायचे ते हेच: तांदळाच्या कणीएवढा गडद ठिपका आणि त्याला लागून सुकलेल्या डिंकाची शेपटी.

फळमाशीच्या डंखाभोवती नंतर साल मऊ पडते. फांदी घासल्याचा डाग लांबट आणि बिनडिंकाचा. देठाचा चीक सांडल्याचा डाग देठाकडून खाली ओघळतो. या तिघांची नमुन्याची फळे मांगरात (बागेतल्या खोपटात) टेबलावर ठेवली, तपासणाऱ्याने रोज सकाळी आधी ती पाहायची.

अंडे साधारण आठवड्यात फुटते, अळी गरातून थेट कोवळ्या कोयीत शिरते आणि फळ वाढते तसे तिचे भोक बुजून जाते. नंतर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून ही तीन-चार आठवड्यांची खिडकी. खूण सापडली नाही. फवारणी विद्यापीठाच्या चालू वेळापत्रकातली, आंब्यासाठी लेबल असलेली औषधे आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळूनच. भुंग्यासाठी वेगळा जादा हात दिला नाही. नसलेल्या किडीवर औषध मारून फक्त अवशेषांचा आकडा वाढतो.

३० मार्च २०२४

पट्ट्यातल्या २३ पैकी २१ रायवळांच्या कैऱ्या उतरवल्या. उरलेली दोन फार उंच, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) पोचत नाही. त्यांची गळ वेचणे. आंबोशीच्या घरांतून कोयींच्या पाट्या परत आल्या. एका घरातून नाही आली, परड्यात टाकली होती. जाऊन वेचून आणली.

८ एप्रिल २०२४ : किती कोयी फोडायच्या

बागेत १ टक्का फळे किडलेली असतील तर त्यातले निदान एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडायला २९९ फळे पुरतात. हा कोष्टकातला आकडा. पण त्यात गृहीत असते की फोडणाऱ्याची नजर चुकत नाही.

नजर मोजली. जुलैच्या गोठवलेल्या किडलेल्या कोयींपैकी दहा निवडून नव्वद निरोगी कोयींत मिसळल्या. महिनोन्‌महिने गोठलेल्या, त्यामुळे जिवंत काही नाही, तरी चाचणी वाडीतच, बागेत नाही. फोडणाऱ्यांना संख्या सांगितली नाही. दहापैकी ८ सापडल्या. निसटलेल्या दोन्हींत भुगा डाळिंब्यांच्या मधल्या फटीत होता, वरून बी गुळगुळीत. तेव्हापासून कवच उघडून थांबायचे नाही, दोन्ही डाळिंब्या सुट्या करायच्या.

नजर ८० टक्के धरली तर २९९ चे ३७३ होतात. हे दर विभागाला, सगळ्या बागेला मिळून नव्हे. सहा विभाग, २,२३८ कोयी. चौदा आणे (काढणीजोगा) झालेला हापूस एवढा फोडायचा म्हटल्यावर बागायतदारांची तोंडे उतरली. मार्ग निघाला तो असा: कोय धरल्यानंतरची गळ आणि कॅनिंगला जाणारा माल आधी वापरायचा, पेटीचा माल उरलेल्या कमतरतेपुरता. कोय धरण्याआधीची गळ मोजणीत धरायची नाही, त्यातली अळी सुईच्या टोकाएवढी असते.

७ मे २०२४ : सापडला

विभाग ई, झाड ११८, झाडाखालची गळ. फळ बाहेरून निर्दोष, साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा दोष) नाही, गर चोख. कवच उघडल्यावर दोन्ही डाळिंब्यांच्या मध्ये भुगा आणि पांढरा कोष, सोंडेचा आकार उमटलेला. वेळ सकाळी १०.२०. अ, ब, क, ड, फ या पाच विभागांची मोजणी तोपर्यंत पूर्ण आणि निरंक. ई मधली ही २४१ वी कोय.

लगेच: कुपीत घालून चिठ्ठी. ई आणि ड मधली काढणी थांबवली. पॅकिंगला गेलेले ई चे ३८ क्रेट टॅगवरून शोधून बाजूला. क्रेटवर झाड नाही, पण विभाग आणि तारीख आहे, म्हणून तासाभरात सापडले.

९ मे २०२४ : माग

११८ भोवतालच्या ३० झाडांचा उतरवता येईल तो सगळा माल फोडला. आणखी ३ कोयी, दोन झाडांवर. तिन्ही झाडे विभागाच्या मधोमध, कडेपासून सातव्या-आठव्या रांगेत. गडग्याकडच्या झाडांवर शून्य. म्हणजे शेजाऱ्यांकडून आलेले नाही.

जुनी मजुरीची वही काढली. जून २०२२, प्रकल्पाच्या आधीचे वर्ष: ई मध्ये १४ नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरल्या, जागेवर कलम बांधण्यासाठी दर खड्ड्याला ३ रायवळ कोया. म्हणजे ४२ कोया, न फोडता, बागेच्या पोटात. त्यातली नांगी ११८ पासून १० मीटरवर. त्या कोयीतून निघालेल्या भुंग्यांनी २०२३ च्या फळांत अंडी घातली असणार, आणि त्या अंड्यांतून झालेल्या भुंग्यांची पिल्ले या वर्षीची. वर्षाला एकच पिढी, म्हणून इतके दिवस गुपचूप.

ऑक्टोबरच्या तपासणीत आतली झाडे दहात एक घेतली होती. ११८ त्या दहाव्यांत नव्हते. गडग्याकडे तोंड करून पहारा दिला, पाहुणा खड्ड्यात बसला होता.

१३ मे २०२४ : कुठला दावा सोडायचा

सहा विभाग स्वतंत्र उत्पादन जागा म्हणून मांडले होते. कागदावर ई गळला तरी पाच उरतात. प्रत्यक्षात क, ड, ई, फ मध्ये पायवाटेखेरीज आडकाठी नाही, मजूर तेच, झेले तेच, क्रेट तेच. वेगळे आहेत हे आपणच मानत नसू तर दुसऱ्याला सांगू नये. चारही विभागांचा दावा या हंगामापुरता मागे. अ आणि ब रस्त्यापलीकडे, वेगळा मांगर, निळे क्रेट. ते दोन ठेवले, पण प्रत्येकी आणखी ३७३ कोयी फोडून. दोन्ही निरंक.

मागे घेतलेला माल देशी बाजारात. ४८ अंश पाण्यातल्या तासाभराच्या उपचाराने तो पुन्हा दाव्यात घेता येईल का, अशी सूचना आली. नाही. तो उपचार फळमाशीसाठी आहे. कोयीच्या आतल्या किडीसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. अमेरिकेला निर्यातीसाठी लागणारी ४०० ग्रे विकिरण मात्रा ही वेगळी वाट, त्या मालाला मुक्त जागेचा दाखला लागत नाही.

२७ मे २०२४

ई मधली गळ रोज दोनदा. कातळावर दोन फुटी खड्डा खणता येत नाही, सहा इंचांवर पहार वाजते. जाड काळ्या पिशव्यांत भरून, तोंड बांधून उन्हात ठेवल्या. दोन पिशव्या कोल्ह्यांनी फाडल्या. नंतर पिशव्या झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. पाऊस लागण्याआधी सगळ्या कोयी मांगरामागे जाळून पूर्ण.

१० जून २०२४ : बदल

नांग्यांत कोय पेरणे बंद. वाडीतल्या रोपवाटिकेत सोललेल्या बीचे रोप वाढवून, मुळे धुऊन, मग आत.

२०१८ पासून बागेत आलेले प्रत्येक रोप आणि कोय जुन्या वह्यांतून काढून नकाशावर लाल टिंबे. ३१ जागा निघाल्या, त्यातल्या ९ 'अ' मध्ये.

ऑक्टोबरची साल तपासणी आधी या टिंबांभोवतीच्या प्रत्येक झाडाची, १५ मीटरपर्यंत. मग कडेच्या दोन रांगा. ई पूर्ण, एकही झाड न सोडता. २६० कलमे, दोन माणसे, साधारण सात-आठ दिवस. धोतरे आणखी चार लागतील.